ज्येष्ठांसाठी ऑनलाइन व्याख्यानं सुरू करायची आहेत? मग आधी हे वाचा

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं मंगळवारचं व्याख्यान बंद पडलं आणि माझी आई दुपारचे चार वाजले की केस विंचरून, साडी नीट करून खिडकीत येऊन बसायला लागली. जायचं कुठेच नव्हतं, पण मंगळवार अंगात भिनलेला. ते बघवेना म्हणून आम्ही दोघी-तिघींनी मिळून ते व्याख्यान फोनवर सुरू केलं. पुढे हॉल उघडला तरी फोनवरचं बंद केलं नाही, कारण गुडघे, चौथ्या मजल्यावरचं बिनलिफ्टचं घर, अंथरुणावर असलेला नवरा अशा कारणांनी जी माणसं हॉलमध्ये कधी येऊच शकली नव्हती ती फोनवर यायला लागली होती, आणि त्यांना आता परत घरात बसा म्हणून कसं सांगणार!

आमच्याकडे दोनच प्रकारचे विषय असतात. एक म्हणजे म्हातारपणातले प्रश्न, म्हणजे डोळे, कान, पडणं, विसरणं, मृत्युपत्र, एकटेपणा वगैरे, आणि दुसरा म्हणजे चित्रकला. हे दोन्ही एकत्र का, ते पुढे सांगते. आमच्या सोसायटीत, आमच्या वाचनालयात असं सुरू करायचंय तर काय करू असं बरेच जण विचारतात, त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहून ठेवतेय.

आधी फोन करा

वक्ता शोधू नका, पोस्टर बनवू नका. आधी आठ-दहा जणांना स्वतः फोन करा आणि एका वहीत लिहून घ्या: फोन स्वतःचा आहे की सुनेचा, घरात वायफाय आहे की रोजचा डेटा पॅक, कुठल्या कानाने नीट ऐकू येतं, श्रवणयंत्र आहे का, दुपारी किती वाजता झोपतात, जवळ मदतीला कोणी असतं का. गूगल फॉर्म पाठवू नका, अर्ध्या लोकांना तो उघडत नाही आणि उघडला तरी "कान कमी आहे" असं कोणी फॉर्ममध्ये लिहीत नाही, फोनवर मात्र आपोआप बोललं जातं. सुरुवात या आठ-दहा जणांवरच करा, पहिल्याच दिवशी शंभर जण गोळा केलेत तर कोणाचाच आवाज कोणाला येणार नाही.

वेळ

आम्ही सकाळी अकरा, संध्याकाळी सहा, रात्री आठ सगळं करून बघितलं. सकाळी स्वयंपाक, औषधं, आंघोळी असतात, सहाला फिरणं नाहीतर देऊळ, आणि रात्री सीरियल. दुपारी चार हीच खरी वेळ, झोप झालेली असते, चहा हातात असतो. आमच्यातल्या एक काकू मुलीकडे न्यू जर्सीला जातात तेव्हा त्यांच्या आग्रहावरून आम्ही साडेचार करतो, म्हणजे उन्हाळ्यात त्यांच्याकडे सकाळचे सात वाजलेले असतात (थंडीत घड्याळं बदलली की सहा, हे आधी सांगून ठेवायचं). हा एक अपवाद सोडला तर वार आणि वेळ एकदा ठरली की बदलू नका. वक्त्याच्या सोयीसाठी एक मंगळवार गुरुवार केलात की पुढचे तीन आठवडे लोक चुकीच्या दिवशी फोन उघडून बसतात.

झूम की मीट

दोन्ही चालतात. झूमच्या फुकट खात्यावर मीटिंग ४० मिनिटांत बंद होते, गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले तर फुकटात ६० मिनिटं मिळतात, आणि दोन्हीकडे १०० माणसं बसतात. ४० मिनिटांनी बंद पडली की परत लिंक दाबून या असं म्हणताना निम्मे लोक गळतात, त्यामुळे फुकट झूम वापरत असाल तर सगळा कार्यक्रम ३५ मिनिटांत बसवा नाहीतर मीटच घ्या. एक लक्षात ठेवा, जे निवडाल ते वर्षभर तेच ठेवा आणि लिंकही तीच ठेवा. बटणं ओळखीची व्हायला आठवडे लागतात, त्यात आपण अॅप बदलायचं म्हणजे शिकलेलं सगळं पुसून टाकल्यासारखं होतं.

मेसेज कसा लिहायचा

फुलं, नमस्कार, सुविचार, संघाचा लोगो हे सगळं असलेल्या पोस्टरमध्ये वेळ सापडत नाही, आणि फोटोतली लिंक दाबली तर उघडतही नाही. आम्ही आदल्या दिवशी साधा मजकूर पाठवतो: "उद्या मंगळवार. दुपारी ४ वाजता. विषय: मोतीबिंदू आणि एक चित्रकार. फोन चार्ज करून ठेवा. लिंक पावणेचारला येईल." मग दुसऱ्या दिवशी पावणेचारला फक्त लिंक, एकटी, वेगळ्या मेसेजमध्ये, मागेपुढे एक शब्द नाही. त्यानंतर ग्रुप चार वाजेपर्यंत बंद करून ठेवतो, म्हणजे फक्त अॅडमिनला मेसेज टाकता येईल असा, कारण "नमस्कार", "येतोय", गुलाबाची फुलं असे वीस मेसेज आले की लिंक वर सरकून जाते आणि मग "लिंक कुठंय" हे फोन सुरू होतात.

आदल्या दिवशीचा सराव, हा टाळू नका

नवीन माणूस आला की त्या एकट्याबरोबर आदल्या दिवशी दहा मिनिटं मीटिंग करायची. यात जे दिसतं ते कुठल्याही सूचनापत्रकात नसतं. आमच्याकडचे एक आजोबा दोन आठवडे रोज म्हणत होते की चित्र येतं पण आवाज येत नाही, फोनच खराब आहे, मुलगा नवीन घेऊन देणार आहे. फोन खराब नव्हता. झूममध्ये आत आल्यावर आवाज जोडायचा का असं विचारणारी एक चौकट येते, त्यातलं वायफायचं बटण दाबलं तरच आवाज सुरू होतो, आणि आजोबा ती चौकट दिसली की जाहिरात समजून बंद करत होते. जाहिरात बंद करायला नातवानेच शिकवलेलं! मग आम्ही त्यांना एवढंच सांगितलं की खाली कोपऱ्यात माईकचं चित्र दिसायला पाहिजे, तिथे हेडफोनचं चित्र दिसलं तर ते दाबा. तेव्हापासून तेच बाकीच्यांना फोनवर हे समजावतात.

सरावात आणखी तीन गोष्टी बघायच्या. फोन हातात धरायचा नाही, पाऊण तासात हात भरून येतो, तो डाळीच्या डब्याला टेकवून आडवा ठेवायचा. खिडकी पाठीमागे नको, समोर हवी, नाहीतर नुसती काळी सावली दिसते. आणि पंखा फोनवर थेट नको, त्याची घरघर सगळ्यांच्या कानात जाते. अनम्यूट, म्हणजे बंद माईक चालू करणं, तुम्ही त्यांच्या वतीने करू शकत नाही, झूममध्ये होस्टने (मीटिंग चालवणाऱ्याने) विनंती पाठवली की त्यांच्या स्क्रीनवर चौकट येते आणि ती त्यांनीच दाबायची असते, हेही एकदा प्रत्यक्ष करून दाखवा.

ऐकू येणं, इथे सगळा जीव ओता

मला या सगळ्यातून एकच सांगायचं असेल तर ते हे, की व्याख्यान किती थोर होतं याला शून्य महत्त्व आहे, सगळ्यात कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ते कळलं का आणि त्याला बोलायला मिळालं का, एवढंच बघा.

वयामुळे ऐकणं कमी होतं तेव्हा सगळे आवाज सारखे कमी होत नाहीत, आधी उंच पट्टीचे जातात. स, श, फ, थ, ख अशी व्यंजनं त्या पट्टीत असतात आणि स्वर खालच्या पट्टीत, म्हणजे आवाज येतो पण शब्द कळत नाही. "सात" की "हात" की "भात", हे संदर्भावरून ओळखावं लागतं. म्हणून ओरडून काही होत नाही, ओरडल्यावर स्वरच मोठे होतात आणि व्यंजनं तिथेच राहतात. सावकाश बोलायचं, वाक्य संपलं की थांबायचं, तोंड कॅमेऱ्यात स्वच्छ दिसू द्यायचं कारण बरीच मंडळी नकळत ओठ वाचत असतात, आणि कळलं नाही तर तेच वाक्य मोठ्याने परत म्हणण्यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगायचं. बोलणाऱ्याने वायरवाला साधा इअरफोन लावला तरी खूप फरक पडतो. मागे संगीत अजिबात नको, चित्रांबरोबर सनई-बासरी लावायचा मोह होतो पण ती बोलणं खाऊन टाकते.

स्लाइडवर एका वेळी एकच चित्र किंवा तीन ओळी, अक्षर एवढं मोठं की पाच इंची फोनवर हातभर अंतरावरून वाचता येईल. निळ्यावर जांभळं, हिरव्यावर निळं असलं काही नको, कारण वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं आणि निळ्या बाजूचे रंग एकमेकांत मिसळतात. फिकट पिवळ्यावर काळं सगळ्यात छान दिसतं.

विषय: दुखणं आणि चित्र एकत्र बांधा

सुरुवातीला आम्ही एका मंगळवारी डॉक्टर आणि एका मंगळवारी चित्रकला असं करत होतो. डॉक्टरांच्या दिवशी सगळे गप्प. "काही प्रश्न?" म्हटलं की "नाही, छान सांगितलंत, धन्यवाद." सगळ्यांसमोर कोण सांगणार की मला दिसत नाही, मी बाथरूममध्ये पडलो, मला नावं आठवत नाहीत! मग एकदा मोतीबिंदूचं व्याख्यान होतं तेव्हा सुरुवातीला क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची दोन चित्रं दाखवली. त्याच्या स्वतःच्या बागेतला तोच कमानीचा पूल. एक १८९९ सालचं, हिरवं, थंड, पाण्यात कमळं. दुसरं १९२० नंतरचं, सगळं लाल-तपकिरी, पूल शोधावा लागतो. काही न सांगता विचारलं, काय झालं असेल? कोणी म्हणालं आग लागली, कोणी म्हणालं संध्याकाळ आहे, कोणी म्हणालं बायको गेली असेल. मग सांगितलं की त्याला १९१२ मध्ये दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्याचं निदान झालं, ऑपरेशनला तो घाबरत होता, अकरा वर्षं टाळलं, शेवटी क्लेमान्सो नावाच्या मित्राने, जो डॉक्टरही होता आणि फ्रान्सचा पंतप्रधानही होऊन गेला होता, मागे लागून १९२३ मध्ये एका डोळ्याचं करायला लावलं.

एक मिनिट शांतता. मग एक काका म्हणाले, "माझा पांढरा सदरा मला दोन वर्षं पिवळा दिसतोय, मी बायकोला ओरडतो की साबण बदल." आणि त्यानंतर जे सगळे बोलायला लागले ते थांबेनात. त्या काकांनी पुढच्याच महिन्यात डोळे दाखवले.

तेव्हापासून आम्ही जोड्याच लावतो. तुम्हाला सुरुवात करायला आमच्या काही जोड्या सांगते.

सावळाराम हळदणकरांचं दिवा घेतलेल्या बाईचं चित्र, जे अनेकांना राजा रविवर्म्याचं वाटतं, ते म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि जलरंगातलं आहे. एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा आडोसा आणि बोटांमधून येणारा तो लालसर उजेड. यावर पहिला प्रश्न "वारा कुठून येतोय?" हा विचारा. मग तिन्हीसांजा, निरांजन, गावचा कंदील, रॉकेलचा वास असं सगळं निघतं, आणि तिथून अलगद रात्री उठल्यावर उजेड कुठे असतो या विषयावर यायचं: पलंगापासून बाथरूमपर्यंत छोटा दिवा, पायपुसणं सरकणारं नको, कमोडजवळ धरायला दांडा, आणि उठताना आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं कारण एकदम उभं राहिलं की बीपी खाली येऊन चक्कर येते, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच.

संधिवात, परावलंबन यासाठी आन्री मातीस हा फ्रेंच चित्रकार. १९४१ च्या मोठ्या ऑपरेशननंतर तो बहुतेक वेळ चाकाच्या खुर्चीत नाहीतर पलंगावर असायचा, ब्रश घेऊन उभं राहणं जमेना तेव्हा त्याने रंगवलेले कागद कात्रीने कापायला घेतले आणि मदतनीस त्याच्या सांगण्यावरून ते भिंतीवर लावायचे. हे सांगताना मदत घेण्यात कमीपणा वाटतो का, हा प्रश्न आपोआप येतो. आजींनी मदतीला बाई ठेवावी की नाही यावर आमच्याकडे त्या दिवशी मोठी चर्चा झाली.

मुलं परदेशात असलेल्यांसाठी चित्रकार सय्यद हैदर रझा. नागपूर आणि मुंबईच्या जेजे कलाशाळेमध्ये शिकलेला हा माणूस १९५० मध्ये फ्रान्सला गेला, साठ वर्षं तिथे राहिला आणि नव्वदीला टेकल्यावर दिल्लीत परत आला, २०१६ मध्ये जाईपर्यंत रंगवत राहिला. त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा येणारा काळा बिंदू मोठा करून दाखवा आणि विचारा की तुमचं मन फिरून फिरून कुठे येतं.

व्यायामाच्या विषयाला आमच्या साताऱ्याकडच्या मंडळींनी औंध सुचवलं. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते आणि स्वतः चित्रकार, त्यांनी उभारलेल्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत. आणि ज्यांना आता अजिंठ्याच्या पायऱ्या चढणं शक्य नाही त्यांच्यासाठी पहिल्या लेण्यातल्या चित्रातला पद्मपाणी बोधिसत्त्व घरबसल्या इतका जवळून दाखवता येतो की तिथे अंधारात उभं राहूनही तेवढा दिसत नाही.

महिन्यातून एकदा हाताने काहीतरी करायला द्या. वारली सगळ्यात सोपं, दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले की माणूस, आणि तांदळाचं पीठ प्रत्येक घरात असतंच. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंचं काम आधी दाखवा, मग तपकिरी कागदावर पिठाच्या पाण्याने काढायचं. हात थरथरतो त्यांना जाड मार्कर द्या किंवा काडीला फडकं गुंडाळून जाड करा. काढलेलं कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा आणि प्रत्येकाचं नाव घेऊन बघा, घाई करू नका.

चित्रं एका कार्यक्रमात तीनच, फार तर चार. एका चित्रावर दहा मिनिटं थांबा, आधी नाव-साल सांगू नका, काय दिसतंय ते विचारा. आणि विसरण्याचा आजार असलेलं कोणी असेल तर "आठवतंय का?" हा प्रश्नच नको, ती परीक्षा होते. "हिला काय वाटत असेल?" हे विचारा, याचं उत्तर चुकत नाही.

वक्ता

वक्त्याला आधीच स्पष्ट सांगा: बोलणं वीस मिनिटं, उरलेला वेळ लोकांचा. "या वयात आता..." ने सुरू होणारं वाक्य नको. "आजी, बाळासारखं" नको. कायद्याच्या विषयाला वकिलांना नेमकं बोलायला सांगा, कारण लोक पेन घेऊन बसलेले असतात. आमच्याकडे वहीत लिहिलं गेलं ते असं: मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाहासाठी प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, आणि सांभाळण्याची अट लिहून केलेलं बक्षीसपत्र, सांभाळलं नाही तर कलम २३ खाली रद्द करून मागता येतं. घराच्या बक्षीसपत्रावरच्या त्या दिवशी एक आजी शेवटपर्यंत काही बोलल्या नाहीत, पण रात्री मला फोन केला. असे फोन येतात, त्यासाठी स्वतःचा नंबर द्या, आणि १४५६७ ही ज्येष्ठांची सरकारी हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, ती प्रत्येक कार्यक्रमात शेवटच्या स्लाइडवर ठेवा.

फसवणुकीबद्दल, आपली जबाबदारी

हे मनापासून सांगते. आपण या माणसांना लिंक दाबायला, व्हिडिओ कॉलवर यायला, चौकटीत "हो" म्हणायला शिकवतो, आणि नेमकं हेच फसवणारेही करायला लावतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून नियम सांगा: आमची लिंक फक्त या ग्रुपवर, फक्त मंगळवारी पावणेचारला येते. आम्ही कधीही ओटीपी, पैसे, दुसरं अॅप किंवा तुमची स्क्रीन शेअर करायला मागणार नाही. व्हिडिओवर पोलीस दिसला आणि "डिजिटल अरेस्ट" म्हणाला तर कॉल कट करा, असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेले तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. आणि होस्ट म्हणून वेटिंग रूम चालू ठेवा, नाव ओळखू येत नसेल तर आत घेण्याआधी फोन करून विचारा.

गप्पा

शेवटची पंधरा मिनिटं यादी घेऊन नाव पुकारा, "कोणाला बोलायचंय?" म्हटलं की नेहमीचे तिघेच बोलतात. "कुलकर्णी काकू, तुमच्या माहेरी दिवा कुठे लावायचे?" असं नेमकं विचारा. रेकॉर्डिंग फक्त वक्त्याचं करा, गप्पा सुरू झाल्या की बंद करा आणि बंद केलं हे मोठ्याने सांगा, तरच माणसं घरातलं बोलतात.

दुसऱ्या दिवशी

हजेरीची वही ठेवा आणि बुधवारी सकाळी न आलेल्यांना फोन करा, रागवायला नाही, नुसतं विचारायला. आमच्या एक एकट्या राहणाऱ्या आजी लागोपाठ दोन मंगळवार आल्या नाहीत, फोन केला तर म्हणाल्या रेंज नव्हती. आवाज वेगळा वाटला म्हणून शेजारच्यांना जाऊन बघायला सांगितलं. मनगट मोडलं होतं, रात्री मोरीत घसरल्या होत्या, आणि मुलाला कळलं तर तो घर विकायला लावेल म्हणून कोणाला सांगितलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी फोन डाळीच्या डब्याला टेकवून, हात गळ्यात बांधून आल्या, स्वतःच अनम्यूट केलं आणि सगळ्यांना सांगितलं की त्या दिव्याच्या चित्राच्या दिवशी मी सगळं ऐकलं होतं, पण छोटा दिवा आणायचा राहून गेला होता. आता आणलाय म्हणाल्या, आणि कॅमेरा फिरवून दाखवला.